वाडीची आगोट २०२५: आठ घरांच्या सामायिक बेगमीच्या नोंदी

१३ एप्रिल, रविवार. आखणी

आठ घरांची आगोट यंदा एकत्र करायची ठरली. मिरगाआधी घरात भरून ठेवायचं ते सगळंच आगोटीत येतं, पण सामायिक घेतलं आहे ते एवढंच: फणसाचे पापड, फेण्या, आमसुलं, आंबापोळी, कैरीचं लोणचं आणि सुकी मासळी. मीठ, तांदूळ, डाळी, लाकूडफाटा ज्याचं त्यानं बघायचं.

पहिलं काम उन्हं मोजण्याचं. परात कमी पडली तर शेजारून येते, माणूस कमी पडलं तर खालच्या वाडीतून येतं, ऊन मात्र आणता येत नाही. फणसाच्या पापडांना तीन उन्हं, फेण्यांना दोन, आंबापोळीला थरागणिक एक आणि वर एक, आमसुलांना पाच पुटं (रसात बुडवून वाळवण्याच्या फेऱ्या) धरली तर आठ-नऊ. मासळी बाजारातून वाळलेलीच येते, तरी तिला घरचं एक ऊन द्यावंच लागतं. एकाच खळ्यात दोन-तीन कामं एकदम लावली तरी बेरीज बरीच मोठी होते. मोसमी पाऊस आपल्याकडे कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात धरतो, पण मे सरता सरता वळवाचे ढग येतात, म्हणून शेवटचा आठवडा हिशेबात धरलेला नाही. वाळवणाचं शेवटचं ताट २२ मेच्या आत घरात यायला हवं.

वाटपाचा हिशेब आण्यांत ठेवला. तयार मालाच्या रुपयाला, म्हणजे सोळा आण्यांना, सहा आणे फळाच्या धन्याला, दहा आणे हातांना. अर्ध्या दिवसाचं काम म्हणजे एक हात. राखण हाही पुरा हात. एका घरात दोघंच आहेत आणि दोघंही ऐंशीच्या पुढे. त्यांनी पडवीत काठी घेऊन कावळे हाकायचे, त्याला कापणाऱ्या-लाटणाऱ्याएवढंच माप. खळ्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नजर ठेवणारं माणूस नसेल तर बाकीच्यांची मेहनत कावळ्यांच्या आणि वानरांच्या घशात जाते.

तीन घरांत मासळी चालत नाही. मासळीची जागा, सुपं, डबे पहिल्यापासून वेगळे. तिचा हिशेबही पाच घरांतच.

१६ एप्रिल, बुधवार. खळं

वरच्या घराचं खळं सर्वांत मोठं आणि पश्चिमेला मोकळं, म्हणून तेच घेतलं. चोपून दोनदा सारवलं. सारवण पुरतं वाळून टाचेला लागेनासं झाल्याशिवाय वर काही पसरायचं नाही, ओल खालून चढते. फणस आणि फेण्यांसाठी जुन्या सुती साड्या, आमसुलांसाठी बांबूच्या चटया. प्लास्टिकचा कागद फक्त पहिल्या दिवशी, पापड चिकटतात तोवरच. त्यावर खालून वारा लागत नाही आणि संध्याकाळी पापडाच्या पोटाशी घाम धरतो.

वेळ ठरवली: सकाळी साडेआठला, दव उडाल्यावर, बाहेर. साडेचारला आत. चारनंतर खारं वारं ओल घेऊन येतं आणि मीठ घातलेला प्रत्येक पदार्थ ती ओढून घेतो. सहापर्यंत बाहेर ठेवलं तर दुपारी कमावलेलं संध्याकाळी परत जातं.

वजनकाटा एकच, सगळ्यांसमोर. ताटं प्रत्येक घरची चार, तळाशी खूण करून.

२० एप्रिल, रविवार. फणसाचे पापड

तीन कापे फणस, मिळून २६ किलो. फणस जून हवा, पिकलेला नको. काटे चपटे होऊन एकमेकांपासून सुटलेले असावेत, पण टिचकी मारल्यावर आवाज भरीव यावा. आवाज बद आला की तो आत पिकायला लागला. पिकत्या गऱ्यात साखर उतरते आणि तळताना पापड पोटात कच्चा राहून वर काळा पडतो.

हाताला, सुरीला, विळीला खोबरेल. फणस उभा चिरून मधला दांडा आधी काढला आणि चीक कागदानं टिपून घेतला. चीक पाण्यानं धुवायला गेलं तर अधिकच पसरतो. आठळ्या आणि पाती काढून निव्वळ गरे ८ किलो भरले.

गरे वाफवायचे, पाण्यात उकडायचे नाहीत. पाणी पिऊन बसलेला गरा लाटताना पोळपाट सोडत नाही. चाळणीवर पंधरा-सोळा मिनिटं, बोटानं दाबला की मोडेल पण लगदा होणार नाही इतपत. मग गरम असतानाच उखळात. निवलेला गरा कुटला की रवाळ राहतो आणि कडा फुटतात. म्हणून एकदम सगळे वाफवले नाहीत, दोन-दोन किलोचे घाणे घेतले: एक चुलीवर, एक उखळात, एक पोळपाटावर.

आठ किलोला मीठ ८० ग्रॅम, तिखट ६० ग्रॅम, जिरं ४० ग्रॅम, हिंग दोन चमचे. मीठ कमी वाटतं आणि तसंच हवं. आठ किलोचे वाळून दोन-सव्वादोन किलो होतात, मीठ मात्र तेवढंच राहतं. भाजीच्या मापानं मीठ घातलं तर चौपट खारट पापड पदरात पडतात. गोळा चाखून अळणी लागला की बरोबर.

लिंबाएवढी गोळी, साधारण ४० ग्रॅम, तेल लावलेल्या दोन कागदांमध्ये ठेवून परातीच्या बुडानं दाबली आणि वरून लाटणं फिरवून कडा पातळ केल्या. दोनशेला चार कमी पापड झाले. हात २२.

आठळ्या तीन किलो. धुऊन सावलीत दोन दिवस, मग लाल मातीच्या राबडीत घोळवून वाळवायच्या आणि मडक्यात भरायच्या. मातीच्या लेपात त्या सुकत नाहीत, मोडही धरत नाहीत.

२३ एप्रिल, बुधवार. पापड आत

तीन उन्हं झाली. मोडला की कट्ट आवाज येतो. पहिल्या घाण्याचे अठरा पापड मध्ये जाड राहिले होते. वरून कडकडीत, पण उजेडाकडे धरले की मधे गडद ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे ओल आणि पुढे बुरशी. ते वेगळे काढून चौथं ऊन दिलं. सगळे पापड एकेक करून उजेडाकडे धरून पाहिले. वेळ गेला, पण एक ओला पापड डब्यातल्या पन्नासांना घेऊन जातो.

डबा भरण्याआधी तासभर सावलीत निववले. उन्हातले गरम भरले तर झाकणाखाली घाम येतो. वजन २ किलो १०० ग्रॅम.

२६ एप्रिल, शनिवार. फेण्या

पाच किलो तांदूळ मंगळवारी रात्री भिजत घातला होता. रोज सकाळी पाणी बदललं. मधल्या एका सकाळी पाणी बदलायचं राहिलं तर आंबूस वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. आज वाटून, मीठ, जिरं, तीळ घालून, पळीनं ताटलीत पसरून वाफवल्या. पीठ धिरड्यापेक्षा पातळ हवं. फेणी पारदर्शक झाली की उतरवायची आणि सुरीच्या टोकानं कड सोडवून साडीवर घालायची. दोन उन्हांत झाल्या.

त्याच चुलीवर कुळीथ भाजून घेतले, जात्यावर भरडून सालं पाखडली. पीठ ज्याच्या त्याच्या घरी.

२९ एप्रिल, मंगळवार. रातांबे, पहिला हप्ता

आगोटीतलं सर्वांत बारकाईचं काम हे. तीन घरांच्या झाडांचे मिळून ६० किलो रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. गर्द लाल, जांभळटाकडे झुकलेले तेवढेच घेतले. देठाशी हिरवट राहिलेल्या सालीला पुटं कितीही द्या, ती पिवळट-काळी सुकते आणि सोलकढीला रंग देत नाही. रातांबे पोत्यात रात्रभर ठेवायचे नाहीत, एकमेकांच्या उष्णतेनं मऊ पडून फुटतात. सकाळी काढले, दुपारच्या आत कापले.

कापायला स्टीलची सुरी. लोखंडी विळीवर आंबट रस लागला की साल काळवंडते. ॲल्युमिनियमचं पातेलंही या कामात नको, आंबट त्यालाही खातं. प्लास्टिकच्या बादल्या आणि चिनी मातीच्या बरण्या, एवढंच.

दोन फाकी करून बिया गरासकट बादलीत, साली चटईवर. साली ३१ किलो भरल्या. गरात लगेच मूठभर मीठ, नाहीतर उन्हाळ्यात तीन-चार तासांत फसफसायला लागतो. संध्याकाळी रोवळीतून रस गाळला, ११ लिटर. रसाच्या एक दशांश मीठ, म्हणजे १ किलो १०० ग्रॅम, मोजून.

७ मे, बुधवार. पुटं

३० तारखेला सालींना नुसतं ऊन दिलं. कोवळेपणा जाऊन त्या चामट झाल्या, आतून मात्र ओलसर. या टप्प्यावरच पहिलं पुट द्यायचं. कडकडीत वाळलेली साल रस नीट पीत नाही, ओली साल रस पातळ करून टाकते.

क्रम असा: संध्याकाळी साली रसात बुडवायच्या, हातानं खालीवर करायच्या, रात्रभर मुरू द्यायच्या. सकाळी रोवळीत निथळून चटईवर, एकावर एक न येतील अशा, खोलगट बाजू वर. निथळलेला रस परत बादलीत. दर पुटाला रस कमी आणि दाट होत जातो, पाचव्या पुटाला तर नुसता चोळावा लागतो. पहिल्या चार पुटांना एकेक ऊन, पाचव्यानंतर तीन.

पुटं कशासाठी, तर नुसती वाळवलेली साल आंबट असते पण कागदासारखी होते आणि पावसाळ्यात चुरते. पुटांनी गराचा रंग आणि मीठ सालीत जातं, ती जाड आणि मऊसर राहते. तीन पुटांचं आमसूल तपकिरी दिसतं. पाच पुटांचं काळपट, आणि उजेडात धरलं तर कडेला माणकासारखं लाल.

परीक्षा अंगठ्याची. आमसूल घडी घालून अंगठा आणि तर्जनी यांत जोरात दाबायचं. बोटाला ओलसर चिकटपणा यावा, थेंब येऊ नये. घडी सोडल्यावर ती हळूहळू उघडावी. चटकन उघडली तर जास्त वाळलं, उघडलीच नाही तर आत रस आहे.

एका बादलीत तिसऱ्या दिवशी रसावर पांढरी साय आली. त्या बादलीचं मीठ मुठीनं घातलं गेलं होतं, काट्यावर नाही. तो दोन लिटर रस टाकून दिला. वरची साय काढून खालचा रस वापरण्याचं एकीनं सुचवलं होतं, पण वास बदलला होता. ३१ किलो सालींतून असली वाट लावून घ्यायची नव्हती.

पहिला हप्ता तयार: साडेसात किलो. सहा आणे म्हणजे २ किलो ८०० ग्रॅम तीन झाडवाल्यांना, ४ किलो ७०० हातांवर. बरणीत थर दाबून, वर मूठभर खडे मीठ, तोंडाला दादरा, म्हणजे बांधलेलं फडकं. बिया धुऊन, राखेत घोळवून वाळवायला टाकल्या. पावसात रिकामपणी फोडून मुठेल, म्हणजे बियांचं तूप, काढायचं.

१० मे, शनिवार. आंबापोळी, पहिली चोवीस ताटं

आंबे ३० किलो: दोन भाग डागी, लहान हापूस आणि एक भाग रायवळ. नुसत्या हापूसची पोळी गोड होते पण चवीला एकसुरी, रायवळाच्या आंबटपणानं ती उठते. रायवळाच्या शिरा मात्र चाळणीतून पूर्ण काढायच्या, शीर राहिली तिथे पोळी फाटते. रस १४ किलो, साखर १ किलो ४०० ग्रॅम. साखर विरघळेपर्यंत ढवळून अर्धा तास ठेवला, फेस वरून काढला. फेसासकट ओतलं तर वाळल्यावर भोकं पडतात.

ताटाला तुपाचं बोट. जास्त तूप लावलं तर रस आकसून मधे गोळा होतो आणि महिन्याभरात पोळीला खवट वास येतो. दर ताटात २०० मिलीलिटर, म्हणजे तीनेक मिलीमीटरचा थर. ताट पाण्याच्या पातळीवर हवं. खळ्याला उतार आहे, म्हणून ताटाखाली चिपा दिल्या.

जाड थर कधीच ओतायचा नाही. वर साय धरते, ती साय खालची वाफ कोंडते, आणि दुसऱ्या दिवशी साईखाली बुडबुडे दिसतात. ते दिसले की रस आंबला. पातळ थर, एक ऊन, मग पुढचा थर. खालचा थर बोटाला चिकटेनासा झाल्यावरच वरचा ओतायचा. वरून मलमलीचा तुकडा, ताटाला न टेकेल असा काठ्यांवर ताणून. माश्यांसाठी तेवढं पुरतं, मुंग्यांसाठी चिपांभोवती राखेची रेघ.

११ मे, रविवार. दुपारचं जेवण

सगळ्यांचे हात खळ्यावर असल्यानं जेवण एकाच चुलीवर. बरका फणस पिकून पडला होता, त्याची सांदणं केली. गरे रोवळीवर घासून रस काढला, चार वाट्या. तेवढाच तांदळाचा रवा मंद भाजून, एक वाटी गूळ, एक वाटी दाट नारळाचं दूध, चिमूट मीठ. रवा तीन तास भिजला पाहिजे, घाईनं वाफवलेलं सांदण खाली गच्च आणि वर पाणचट होतं. भिजल्यावर पीठ इडलीच्या पिठापेक्षा जरा सैल असावं, दाटलं तर नारळाचंच दूध घालायचं. तेल लावलेल्या वाट्यांतून वीस मिनिटं. बरोबर पातळ नारळाचं दूध. पेज आणि आमसुलाचं सार होतंच.

१४ मे, बुधवार. पोळ्या सुटल्या

तिसरा थर काल वाळला, आज ताटं पालथी करून उघडी बाजू दिली. कडेला नखानं उचललं की पोळी सरसर आवाज करत ताट सोडते. जिथे आवाज थांबतो आणि पोळी ताणली जाते तिथे ओल आहे, तिथे थांबायचं आणि अर्धं ऊन आणखी द्यायचं. ओढून काढली की तिथला वरचा पापुद्रा ताटालाच राहतो.

चोवीस पोळ्या, साडेचार किलो. सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर.

१५ मे, गुरुवार. रातांबे, दुसरा हप्ता

४० किलो. आजपासून पुटं धरली तर २३ मेपर्यंत जातं, म्हणजे २२च्या मर्यादेच्या पलीकडे. तरी घेतले, कारण झाडाखाली रोज घमेलंभर गळत होते. निर्णय सगळ्यांना विचारून घेतला आणि तो इथे नोंदवून ठेवतो.

१८ मे, रविवार. मासळी

१ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते, त्याआधीच्या पंधरवड्यात सुक्या मासळीचा भाव चढतो. म्हणून गेल्या आठवड्यातच जवळा सहा किलो, बोंबील चार, सोडे (सोललेली सुकी कोलंबी) दीड किलो घेतले. बाजारातला जवळा वाळलेला दिसला तरी मुठीत दाबून पाहायचा: मूठ सोडल्यावर मोकळा पडला तर चांगला, गोळा राहिला तर ओला आहे आणि ओलीच्या वजनाचे पैसे आपण देतोय. सोडे लालसर आणि वाकलेले हवेत. सरळ, पांढुरके आणि भुगा पडणारे जुने असतात.

जवळा चाळून वाळू काढली, सहा किलोत पावशेर निघाली. सगळी मासळी वेगळ्या जागी, कातळावर जाळ्याखाली पसरली. कातळ दुपारी तापतो आणि खालूनही वाळवतो, एक ऊन पुरलं. निवल्यावर डब्यात, वर कागद, मग घट्ट झाकण.

आंबापोळीची उरलेली आठ ताटंही कालपासून सुरू आहेत.

२० मे, मंगळवार. पाऊस

सकाळी अकरापर्यंत ऊन होतं. दक्षिणेकडून ढग आले आणि साडेबाराला सरी. खळ्यावर त्या वेळी काय होतं: आठ ताटांत आंबापोळीचा तिसरा थर, सकाळीच ओतलेला, दुसऱ्या हप्त्याच्या साली, तीन पुटं झालेल्या. सगळं पडवीत आलं. साली चार-पाच मिनिटं भिजल्या.

२१ ते २५ मे. वाचवलेलं

ऊन नाहीच. २४ तारखेला कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोली यांच्या मधे किनाऱ्यावर आलं, वाऱ्यानं वीज गेली. २५ला मोसमी पाऊस देवगडपर्यंत आल्याचं हवामान विभागानं जाहीर केलं. नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. या पाच दिवसांत जे केलं ते पुढच्या वर्षांसाठी सविस्तर.

आंबापोळी: वरचा ओला थर चमच्यानं खरवडून काढला, दीड लिटरच्या वर भरला. खालचे दोन थर वाळलेलेच होते, ते ओल्या फडक्यानं न पुसता तसेच ताटासकट चुलीजवळ उभे केले. विस्तवापासून चार हात अंतर, दर तासाला ताट फिरवत. दुसऱ्या दिवशी सुटले. पातळ झाले, पण आंबले नाहीत. खरवडलेल्या रसात निम्मी साखर घालून मंद आचेवर मावा आटवला, पळीला चिकटून गोळा फिरेपर्यंत. चुलीवर ठेवल्यावर तासभर तिथून हलायचं नाही, बूड लागलं की सगळ्याला करपट वास. मावा ९५० ग्रॅम. आंबलेला रस आटवून उपयोग नाही, आंबट-कडवट चव तशीच राहते. म्हणून पाऊस पडला त्याच दुपारी आटवायला घेतला.

साली: भिजलेल्या साली आधी रसात परत बुडवल्या, पावसाच्या पाण्यानं मीठ धुपलं होतं. मग निथळून चुलीवर टांगलेल्या बांबूच्या चटईवर, दोन घरांत विभागून. खाली रात्रंदिवस मंद विस्तव, ज्वाळा नाही. पहिल्या रात्री एका घरात ओलं लाकूड लागलं आणि सालींना धूर बसला. त्या तीन किलो वेगळ्या ठेवल्या, मासळीच्या कढणाला धुरकट आमसूल चालतं, सोलकढीला नाही. पाचवं पुट दिलंच नाही, चौथ्यावर थांबलो. बरणीत दीडपट मीठ आणि वर चिठ्ठी: हे आधी वापरायचं.

पंख्याखाली वाळवायचा प्रयत्न वीज असेपर्यंत केला. ओल्या हवेत पंखा ओलीच हवा फिरवतो, दोन रात्रींत वजन जेमतेम उतरलं.

२७ मे, मंगळवार. आगळ

झाडावरचे उरलेले रातांबे पावसानं फुगले. पाणी प्यालेली साल आमसुलाला घ्यायची नाही, ती वाळताना सडते. आगळाला, म्हणजे सालींच्या खारवलेल्या रसाला, चालते, फुटलेली मात्र नाही. १८ किलो निवडून, नऊ किलो साली, किलोला २०० ग्रॅम मीठ, बरणीत एक थर साल एक थर मीठ. रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीनं खालचं वर. आठ दिवसांनी गाळायचं. मीठ हेच इथे सगळं काम करतं. चवीला जास्त वाटलं म्हणून कमी केलं तर आठवड्यात फेस येतो. सार किंवा कढी करताना वेगळं मीठ घालायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

अमृत कोकम यंदा केलं नाही. सालीच्या दुप्पट साखर आणि वर आठवडाभर ऊन, ते ऊन नव्हतं.

३१ मे, शनिवार. लोणचं

वादळानं पाडलेल्या कैऱ्यांचा ढीग आहे. त्यातली एकही लोणच्याला घेतली नाही. आपटलेल्या कैरीत आत काळा डाग धरतो आणि तिथूनच फोड मऊ पडते. त्या पन्ह्याला आणि मेथांब्याला वाटल्या. लोणच्याला झाडावरच्या, बाठ धरलेल्या रायवळ कैऱ्या, १२ किलो फोडी.

किलोला मीठ २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १००, तिखट १००, हळद २५, हिंग २०, तळलेली मेथीपूड १० ग्रॅम, तेल ३०० मिलीलिटर. कैऱ्या धुऊन, प्रत्येक कोरड्या फडक्यानं पुसून तासभर पसरल्या. फोडींना हळद-मीठ लावून एक रात्र. तेल तापवून पूर्ण निवल्यावरच ओतलं, कोमट तेलात मोहरी कडवट होते. बरण्या चुलीच्या उबेवर कोरड्या केल्या. चौथ्या दिवशी फोडी खाली बसल्या की तेल वर दोन बोटं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर आणखी तेल तापवून, निववून.

३ जून, मंगळवार. वाटप

पावसानं गेलेलं आधी वजा, मग आणे. नुकसान फळवाल्याचं की हातांचं हा वाद होऊ नये म्हणून हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवलेलं बरं पडलं असतं. तसं लिहिलं नव्हतं. एकमतानं दोन्हीकडून सारखं कापलं.

गौरी-गणपतीसाठी सामायिक ठेव: पापड ४०, फेण्या तीन डबे, आमसुलं एक किलो, आंबापोळ्या चार. ही कोणाच्या वाट्यात नाही. डबे वरच्या घरच्या माजघरात, भिंतीपासून सुटे, लाकडी फळीवर.

२० जुलै, रविवार. उघडीप

चार दिवसांनी ऊन पडलं, दोन तास. डबे उघडले. पापड सादळले नाहीत. फेण्यांच्या एका डब्याचं झाकण सैल, वरचा थर मऊ. उन्हात ठेवून परत कडक झाल्या. धुरकट आमसुलांना काही झालेलं नाही. चार पुटांची आमसुलं मऊ पडून बरणीच्या तळाशी रस सुटला आहे, बुरशी नाही. ती सगळ्या घरांत आत्ताच वाटली.

आंबापोळी बाहेर काढायची नाही. पावसाळी उन्हात ओलच जास्त.

लोणच्याच्या एका बरणीत तेलावर आलेल्या दोन फोडींना पांढरं. त्या फोडी आणि आजूबाजूचं चार बोटं लोणचं काढून टाकलं, तेल तापवून निववून वर ओतलं. डाव ओला गेला असणार. आता प्रत्येक बरणीचा डाव वेगळा आणि तो बरणीशेजारी, भांड्यांच्या मोरीत नाही.

मातीतल्या आठळ्या शंभरात सात-आठ किडल्या. बाकीच्या अळूच्या फदफद्यात.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. ठेव काढली: पापड ४०पैकी ३९ कडक, एकाच्या मधे तो गडद ठिपका होता. मुंबईची मंडळी उद्यापासून येतील, भजनाच्या रात्रीचा स्वयंपाक सत्तर पानांचा धरला आहे. आमसुलं सत्तर पानांच्या सोलकढीला ४०० ग्रॅम पुरतात, संध्याकाळी चारला कोमट पाण्यात भिजत घालायची. नारळ पंधरा.